दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये ५.१ स्पीकरची मांडणी

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये होम थिएटरसाठी वेगळी खोली नसते. जो हॉल असतो त्यातच पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, गणपतीही तिथेच बसतो आणि रात्री चित्रपटही तिथेच पाहिला जातो. स्पीकरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या आकृतीत मात्र सोफा खोलीच्या मधोमध असतो आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा असते, त्यामुळे ती आकृती पाहून आपले काम भागत नाही. पुढील विवेचनासाठी मी १० फूट रुंद, १६ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच हॉल धरला आहे. टीव्ही एका लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकवलेला, ही नेहमीचीच रचना. संच ५.१ चा, म्हणजे समोर तीन, मागे दोन आणि एक सबवूफर (केवळ खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर). आपल्या हॉलची मापे वेगळी असतील तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

ड्रिल मशीन हातात घेण्यापूर्वी सोफा हलवावा. खर्जाचा आवाज भिंतीलगत सर्वाधिक साचतो, आणि सोफा भिंतीला चिकटलेला असला की ऐकणाऱ्याचे डोके नेमके त्या साचलेल्या आवाजात येते. शिवाय मागच्या स्पीकरना मागे जागाच उरत नाही. सोफा सुमारे एक फूट पुढे ओढला की बसलेल्या माणसाचे कान मागच्या भिंतीपासून साधारण ५० सेंटिमीटर अंतरावर येतात. घरात यावरून थोडी कुरकुर होते हे खरे, परंतु संपूर्ण मांडणीत याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही. सोफ्याच्या मधल्या आसनावर, कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर, एक खूण ठरवून घ्यावी. यापुढची सगळी मापे त्या खुणेपासून घ्यायची आहेत.

समोरचे डावे आणि उजवे स्पीकर कानापासून पाहता मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांच्या कोनात असावेत, असा संकेत आहे. कोनमापक घेऊन बसण्याची गरज नाही. आपल्या हॉलमध्ये कानापासून टीव्हीच्या दिशेने नाकासमोर, समोरच्या स्पीकरच्या तोंडांच्या ओळीपर्यंतचे अंतर सुमारे २२५ सेंटिमीटर भरते. तेव्हा टीव्हीच्या मध्यापासून दोन्हीकडे कमीत कमी ९० आणि जास्तीत जास्त १३० सेंटिमीटरवर हे स्पीकर ठेवले की कोन आपोआप साधतो. १३० सेंटिमीटरवर ठेवल्यास डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि कान यांचा समभुज त्रिकोण होतो, ज्याची प्रत्येक बाजू २६० सेंटिमीटर असते. तेवढ्या लांबीची सुतळी कापून तिन्ही बाजूंना ताणून पाहिली तर टेपसुद्धा लागत नाही. दोन्ही स्पीकरची तोंडे किंचित आत वळवावीत आणि त्यांचे ट्विटर (वरचे सूर काढणारे लहान पडदे) कानाच्या उंचीला येतील असे पाहावे. टीव्हीच्या कपाटात, दोन फळ्यांच्या मध्ये, स्पीकर कोंबू नयेत. कोंबावेच लागले तर निदान त्यांचे तोंड फळीच्या काठाशी आणावे, कारण स्पीकर खोल आत राहिला की फळीवरून परावर्तित होणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तो घोगरा करतो.

मधल्या स्पीकरबाबत लोक सर्वाधिक निष्काळजी असतात, आणि चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद तर त्यातूनच येतात. तो टीव्हीच्या बरोबर खाली ठेवावा आणि त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचा किंवा लाकडाचा तुकडा सरकवून तोंड कानाकडे वर उचलावे. ‘संगीत मोठे येते पण बोलणे कळत नाही’ अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी हा स्पीकर गुडघ्यांकडे तोंड करून बसलेला असतो. उरलेल्यांच्या घरी सोफ्यासमोर काचेचा टीपॉय असतो. त्या काचेवरून उडालेला आवाज थेट आवाजाच्या मागोमाग कानावर आदळतो; टीपॉयवर जाड कापड अंथरले किंवा चित्रपटापुरता तो बाजूला सरकवला, तरी फरक लगेच जाणवतो.

मागच्या दोन स्पीकरसाठी ११० अंशांचा कोन सांगितला जातो, म्हणजे ते कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे हवेत. सोफा पुढे ओढल्याचा फायदा इथे मिळतो. कान भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे असतील तर मधल्या आसनाच्या दोन्ही बाजूंना साडेचार फुटांवर, मागच्याच भिंतीवर, स्पीकर टांगला की कोन बरोबर ११० अंशांचा होतो. उंची कानापेक्षा दीड फूट अधिक, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेपाच फूट, असावी. छताच्या कोपऱ्यात टांगलेले मागचे स्पीकर मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत. तिथे ते दिसायला सुबक वाटतात, पण पाऊस मागे पडत असल्याचा भास होण्याऐवजी तो माळ्यावर पडत असल्यासारखा वाटतो. नव्या इमारतींत पुष्कळ भिंती सलग काँक्रीटच्या असतात; अशा भिंतीत वायरसाठी झिरी पाडू नये, प्लॅस्टिकची केसिंग-पट्टी लावून भागवावे. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी कालांतराने सैल होते, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी मागून घ्यावी.

वायरीवर फार खर्च करण्याचे कारण नाही. टीव्हीच्या भिंतीपासून खोलीला वळसा घालून मागच्या स्पीकरपर्यंत पोहोचायला सुमारे १० मीटर वायर लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन २० मीटरचा विरोध साधारण पाव ओहमच्या आसपास राहतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत तो नगण्य आहे. खरी दक्षता भेसळीबाबत घ्यावी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती परत करावी. स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून कधीही ओढू नये.

जोडणी करताना रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) बंद करून त्याचा प्लग सॉकेटमधून काढलेला असावा. वायरीचे टोक सेंटिमीटरभर सोलून तारांना घट्ट पीळ द्यावा, कारण एखादी सुटी तार शेजारच्या टोकाला चिकटली तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि तरीही तो मोडतो, कारण पुष्कळ वायरींवर रंग नसून केवळ एक बारीक रेघ असते. माझ्याच घरी डावा मागचा स्पीकर आठ महिने उलटा जोडलेला होता. रिसीव्हरने मापनाच्या वेळी तशी सूचनाही दाखवली होती. ती मी यंत्राचा भ्रम समजून पुढे ढकलली. अखेर हेलिकॉप्टर डोक्यावरून जाण्याऐवजी मध्येच विरघळल्यासारखे का होते, याचा शोध घेताना चूक सापडली. तपासणीची पद्धत सोपी आहे. रिसीव्हरकडची दोन टोके काढून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवावीत; सेलचे धन टोक स्पीकरच्या लाल टोकाकडे जात असेल तर ‘टप्’ असा आवाज होऊन मोठा पडदा बाहेर येतो, उलटे असेल तर आत जातो. एकाने सेल टेकवावा आणि दुसऱ्याने जाळी काढून पडद्याकडे पाहावे.

आता सबवूफर. तो कोपऱ्यात ठेवावा असे सरसकट सांगितले जाते, आणि कोपऱ्यात आवाज वाढतो हे खरेही आहे, पण वाढलेला आवाज चांगला असतोच असे नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर आपल्या हॉलची लांबी ३५ हर्ट्झच्या, रुंदी ५६ हर्ट्झच्या आणि उंची ५९ हर्ट्झच्या आसपास घुमते. शेवटचे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्या पट्ट्यातला प्रत्येक सूर दुप्पट फुगतो आणि सगळ्या स्फोटांना एकच ‘बूम’ मिळतो. बाल्कनीचे दार आणि स्वयंपाकघराकडची मोकळी जागा यांमुळे आकडे थोडे सरकतात, रोग तोच राहतो. यावरचा उपाय पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, पण तो खात्रीचा आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथेच ठेवावा. बेस गिटारचे सूर एकामागून एक चढत-उतरत जातात असे एखादे गाणे लावावे. आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून, भिंतीच्या कडेने फिरावे. काही ठिकाणी एखादा सूर गायब होतो, काही ठिकाणी एकच सूर गरजतो, आणि कुठेतरी सगळे सूर सारख्या वजनाने, वेगवेगळे ऐकू येतात. ती जागा सबवूफरची. माझ्या हॉलमध्ये ती ठरवलेल्या कोपऱ्यात निघाली नाही, चपलांच्या कपाटाशेजारी निघाली, आणि सबवूफर आजही तिथेच आहे.

टीव्ही आणि रिसीव्हर यांची जोडणी एचडीएमआय केबलने करावी आणि टीव्हीवर ज्या खाचेजवळ ‘आर्क’ (ARC) किंवा ‘ई-आर्क’ (eARC) असे लिहिलेले असते तीच खाच वापरावी. इतर खाचांतून आवाज रिसीव्हरकडे परत येत नाही. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असल्यास ते ‘पास थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करावे. साध्या आर्कवर पीसीएम, म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज, डाव्या आणि उजव्या अशा दोनच वाहिन्यांचा जातो, आणि मग पाच स्पीकर लावूनही घरात स्टीरिओच ऐकू येतो. रिसीव्हरच्या पाटीवर ‘डॉल्बी डिजिटल’ वगैरे अक्षरे उमटली की सिग्नल पोहोचला असे समजावे. दररोजच्या मालिका आणि जुने चित्रपट पुष्कळदा मुळातच दोन वाहिन्यांचे असतात. त्यांच्यासाठी रिसीव्हरमधला ‘डॉल्बी सराउंड’सारखा पर्याय निवडला की संवाद मधल्या स्पीकरमध्ये येतात.

रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि आवाज स्वतः मोजतो; त्यासाठी त्याच्याबरोबर मिळालेला मापनाचा मायक्रोफोन हातात धरून किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवून चालत नाही. तो कॅमेऱ्याच्या तिपाईवर, ठरवलेल्या खुणेपाशी, कानाच्या उंचीला बसवावा, पंखा आणि एसी बंद करावेत, आणि स्वयंपाकघरात कुकर लावलेला नाही याची खात्री करून घ्यावी; एका शिट्टीने सगळे मापन बिघडते. मापन झाल्यावर आकडे डोळ्यांखालून घालावेत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. आपल्या मांडणीत मधला स्पीकर २२५, बाजूचे २६० आणि मागचे सुमारे १५० सेंटिमीटरवर आहेत. म्हणजे रिसीव्हरमध्ये अंतरे भरली नाहीत तर मागचा आवाज समोरच्यापेक्षा दोन ते तीन मिलिसेकंद आधी पोहोचेल आणि कान सतत मागे ओढला जाईल. यंत्राने दाखवलेली अंतरे टेपने मोजलेल्या अंतरांशी वीतभर फरकाने जुळायला हवीत. सबवूफरचे अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसले तरी ते बदलू नये, कारण त्याच्या आतल्या यंत्रणेचा विलंबही त्यात धरलेला असतो.

यंत्राने सगळे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ते ‘स्मॉल’ करावेत आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली आवाजाच्या वाटणीची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा. ‘स्मॉल’ म्हणण्यात स्पीकरचा अपमान नाही. ८० हर्ट्झखालचे ओझे सबवूफरने उचलावे एवढाच त्याचा अर्थ आहे. सबवूफरच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे बटण पूर्ण वर फिरवावे, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते. शेवटी रिसीव्हरमधला चाचणीचा खरखराट लावून मोबाइलच्या ध्वनिमापक ॲपने प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलच्या आसपास सारखा येतो का, ते पाहावे. खर्जाच्या बाबतीत मात्र मोबाइलवर विसंबू नये.

एवढे करूनही आवाज कर्कश वाटला तर दोष बहुधा लादीचा आणि उघड्या भिंतींचा असतो. हॉलच्या मध्यभागी उभे राहून टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणीत शेपूट ऐकू आले तर सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या लादीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घालावा, बाल्कनीच्या काचेवर जाड पडदा सोडावा आणि डोक्यामागच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी किंवा टांगलेली गोधडी आणावी. शोकेसची काच सबवूफरबरोबर वाजत असेल तर तिच्या कडेला फेल्टचे गोल तुकडे चिकटवावेत. सतत ‘हूं’ असा घोंगावणारा आवाज येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. तो थांबला तर दोष त्या केबलच्या अर्थिंगचा आहे. मात्र तो घालवण्यासाठी प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, त्यात जिवाला धोका आहे.

राहता राहिला खालचा मजला. सबवूफरचा दणका हवेपेक्षा स्लॅबमधून अधिक उतरतो, म्हणून त्याच्या पायांखाली जाड रबर किंवा दाट फोम द्यावा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रिसीव्हरमधला रात्रीचा मोड सुरू केल्यास संवाद कायम राहून स्फोट दबतात, आणि सबवूफर आणखी ६ डेसिबलने उतरवून ठेवावा. तो नेमका किती उतरवायचा हे आपल्या सोफ्यावर बसून कळत नाही. घरातल्या कोणाला तरी दणदणीत प्रसंग लावायला सांगून स्वतः खाली जावे, शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये पाच मिनिटे बसून ऐकावे आणि मग वर येऊन बटण फिरवावे.