शत्रू हल्ला करणार का? असा गुप्तचर रिपोर्ट वाचायचा कसा

जुना गुप्तचर रिपोर्ट वाचायला घेतला की आधी पेन्सिल घ्या आणि दिसलेलं काय, ठरवलेलं काय ते वेगळं करा. तोफा किती, पुलाचं सामान कुठे आणलंय हे दिसतं, मोजता येतं. "हल्ला करणार नाहीत" हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं, टेबलावर बसून ठरवलेलं असतं.

१९७३ चं इस्रायल घ्या, ऑक्टोबरमध्ये इजिप्त आणि सीरियाने त्याच्यावर अचानक हल्ला केला; शिकायला याहून चांगली केस मला माहीत नाही. सुएझ कालव्यापलीकडे इजिप्तची फौज सरावाच्या नावाखाली जमतेय हे इस्रायलच्या लष्करी गुप्तचर खात्याला, अमानला, स्वच्छ दिसत होतं. ५ ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये परिच्छेदामागून परिच्छेद तयारीचीच वर्णनं आहेत, आणि मग ४० व्या परिच्छेदात येतं की चिन्हं हल्ल्याची वाटतात खरी, पण इजिप्तचा स्वतःच्या ताकदीबद्दलचा अंदाज बदललेला नाही, सबब शक्यता कमी. ही "पण" दिसली की तिथेच थांबायचं. तिच्यामागे कुठलं गृहीतक आहे? इथे ते असं होतं, की लांब पल्ल्याची विमानं आणि स्कड मिसाइल मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही.

आता त्या गृहीतकाची तारीख शोधा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ते एके काळी खरंच होतं, फक्त ऑक्टोबर १९७२ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादातनी ठरवलं की शस्त्रांची वाट बघायची नाही, कालवा ओलांडून थोडी जमीन धरायची आणि मग वाटाघाटींना बसायचं. कालव्यापलीकडचा, इस्रायलच्या ताब्यातला सगळा सिनाय लढून घ्यायचाच नव्हता त्यांना. म्हणजे समोरच्याला किती मिळालं तरी पुरेल, हे त्याच्या बाजूने विचारायचं, आपल्या नाही.

न बसणाऱ्या गोष्टींचीही वेगळी यादी करा. सोव्हिएत सल्लागारांची बायकामुलं इजिप्त-सीरियातून घाईघाईत विमानाने नेली जात होती, सरावासाठी असं कोण करतं?

आणि खालच्या अधिकाऱ्यांच्या नोट्स सोडू नका. इस्रायली लष्कराच्या दक्षिण कमांडमधल्या बेन्यामिन सिमान-तोव्ह या तरुण लेफ्टनंटने १ ऑक्टोबरलाच लिहिलं होतं की सराव हा आडोसा असू शकतो, पण त्याच्या वरिष्ठाने ते पुढे पाठवलंच नाही. ६ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला हल्ला झाला. पुढे युद्धाची चौकशी करणाऱ्या आग्रानात आयोगापुढे हे सगळं आलं, आणि नंतर अमानमध्ये उलट बाजू मांडायलाच एक वेगळा गट नेमला गेला. त्यामुळे नंतरच्या काळातला रिपोर्ट हाती आला तर विरोधी मताचं पान आहे का, ते आधी बघा.