पोटातल्या धमनीचा फुगा: निदान आणि उपचारात या चुका टाळा

प्लीहा, यकृत, आतडी यांना रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होऊन फुगते, त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटातल्या अशा फुग्यांपैकी साधारण ६० टक्के प्लीहेच्या धमनीत, त्याखालोखाल यकृताच्या धमनीत सापडतात. आजार दुर्मीळ आहे आणि फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मिरजेत जत, आटपाडीपासून पार अथणीपर्यंतचे पेशंट येतात. त्यांच्या पिशवीतले जुने रिपोर्ट आधी नीट वाचा. मुतखड्यासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाव्या बरगड्यांखाली चुन्याचं गोल कडं दिसत असेल, तर ते प्लीहेच्या धमनीचं असू शकतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नुसते सेंटिमीटर बघणं. ‘दीडच सेंटिमीटर आहे, सहा महिन्यांनी परत या’ हा सल्ला साठीतल्या, काही त्रास नसलेल्या पुरुषाच्या प्लीहेच्या धमनीसाठी ठीक. तोच सल्ला पंचविशीतल्या, बाळाचा विचार करणाऱ्या बाईला देणं चूक. अमेरिकेच्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्लीहेच्या धमनीत ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फुग्यावर उपचार करावेत, यकृताच्या धमनीत २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या. पण मूल होण्याच्या वयातली स्त्री असेल तर प्लीहेच्या धमनीचा फुगा कितीही लहान असो, उपचार करायचेच. स्वादुपिंड आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांच्याभोवतीच्या धमन्या, आतड्याची मुख्य धमनी आणि कुठलाही स्युडोअ‍ॅन्युरिझम यांनाही आकाराची सवलत नाही. स्युडो म्हणजे खोटा फुगा: धमनीची भिंत फाटून बाहेर आलेलं रक्त भोवतीच्या भागाने अडवून धरलेलं असतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी विचारा: कुठल्या धमनीत, खरा की स्युडो, आणि कोणाला?

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्लीहेच्या धमनीचा फुगा फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. अचानक डाव्या कुशीत कळ, चक्कर, डाव्या खांद्यात दुखणं, बीपी खाली. यात वार सुटली असं वाटणं साहजिक आहे. पण रक्त आधी जठरामागच्या पोकळीत साठतं आणि तिथेच थोडा वेळ दाबलं जातं. सलाइनवर बीपी वर येतं, पेशंट बोलायला लागते, नातेवाइकांना हायसं वाटतं. काही तासांनी किंवा दिवसांनी तेच रक्त पोटभर पसरतं. मधली ही शांतता बघून घरी पाठवू नका. हाताशी सोनोग्राफी असेल तर पोटात रक्त आहे का बघा आणि सर्जन असलेल्या ठिकाणी हलवा.

दुसरी मोठी चूक स्वादुपिंडाच्या सुजेनंतर होते. दारूमुळे किंवा पित्ताशयातल्या खड्यामुळे सूज येऊन गेली, शेजारची धमनी त्या रसाने कुरतडली गेली आणि तिथे स्युडोअ‍ॅन्युरिझम झाला. सोनोग्राफीत तो काळा गोल दिसतो आणि रिपोर्टवर येतं ‘स्युडोसिस्ट’, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसाची गाठ. तिथेच कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावला तर आत घुमणारं रक्त दिसू शकतं. मात्र पोटात गॅस असला की डॉप्लरही फसतो. म्हणून सिस्टमध्ये सुई किंवा नळी घालण्याआधी सीटी अँजिओ (शिरेतून औषध देऊन धमन्या दाखवणारा सीटी) करा. साधा सीटी पुरेसा नाही, फॉर्मवर ‘आर्टेरियल फेज’ लिहून द्या, म्हणजे औषध धमन्यांत असतानाच फोटो निघतो. असा पेशंट अधूनमधून काळी शी होते म्हणून आला, हिमोग्लोबिन उतरलंय आणि एंडोस्कोपी नॉर्मल आली, तर पित्ताच्या गोळ्या देऊन मोकळं होऊ नका. रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून थांबून थांबून येत असतं. नेमक्या त्या वेळी नळीच्या तोंडाशी रक्त नसेल तर दुर्बिणीला काहीच दिसत नाही. कावीळ, उजव्या कुशीत कळ आणि काळी शी एकत्र आली तर यकृताच्या धमनीकडे बघा.

उपचारात आज बहुतेक ठिकाणी आधी मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून कॉइल (धमनी आतून बंद करणारी धातूची बारीक तार) टाकतात. इथे फक्त अलीकडची बाजू बंद करणं महागात पडतं. पाटाला भगदाड पडल्यावर नुसता वरच्या अंगाला बांध घातला आणि खालून दुसऱ्या पाटाचं पाणी उलटं आलं, तर भगदाड वाहतच राहतं. स्वादुपिंडाभोवती धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे फुग्याच्या दोन्ही बाजू बंद व्हायला हव्यात. आतड्याच्या मुख्य धमनीत मात्र सरळ बंद करून चालत नाही, आतडं काळं पडू शकतं. तिथे कव्हर्ड स्टेंट (अस्तर लावलेली जाळीदार नळी, जिच्यातून रक्त वाहत राहतं) किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

फुगा बंद केला, पण कारण शोधलं नाही, हेही घडतं. आतड्याच्या धमनीत फुगा आणि ताप असेल तर ब्लड कल्चर आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच, कारण हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग तिथे पोचलेला असू शकतो. बरेच छोटे फुगे एकदम दिसले तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा शोध घ्या.

प्लीहेच्या धमनीत कॉइल टाकल्यावर काही दिवस दुखणं आणि थोडा ताप अपेक्षित असतो. थंडी वाजून ताप येत राहिला तर पू झालाय का बघायला स्कॅन करा. प्लीहा काढावी लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी विसरू नका. सहा महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून फेरतपासणी टाळू नका, बंद केलेला फुगा पुन्हा भरू शकतो. कॉइलच्या धातूमुळे सीटीत तो भाग नीट दिसत नाही, बऱ्याचदा एमआर अँजिओ (एमआरआयने धमन्यांची तपासणी) बरा पडतो. म्हणून डिस्चार्ज कार्डवर कॉइलचा प्रकार लिहून घ्या आणि सीटीची सीडी रिपोर्टसोबत जपून ठेवा.