एसएसएचची लांबलचक कमांड एकदाच लिहा

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची कमांड. तिने सर्व्हरवर जायचं म्हणजे रोज पोर्ट, युजरनेम, किल्लीच्या फाइलचा पत्ता असं सगळं टाइप करायचं. त्यात पोर्टसाठी एसएसएचला लहान पी लागतो आणि फाइली कॉपी करणाऱ्या एससीपीला मोठा! या एका अक्षरापायी मी कितीदा वैतागलोय.

१. होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची फाइल करा. एक्स्टेन्शन नको.
२. पहिल्या ओळीत 'होस्ट' आणि पुढे सुचेल ते छोटं नाव, समजा 'दुकान'. त्याखाली होस्टनेम (सर्व्हरचा खरा पत्ता), युजर, पोर्ट, आयडेंटिटीफाइल (किल्लीच्या फाइलचा पत्ता), प्रत्येकी एक ओळ. (फाइलीत अर्थातच रोमन लिपीत.)
३. फाइलची परवानगी 600 करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येत असेल तर एसएसएच सरळ अडून बसतं.

आता नुसतं 'एसएसएच दुकान' पुरतं. एससीपी, आरसिंक (फाइली जुळवून ठेवणारं), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) यांनाही तेच नाव चालतं, म्हणजे लहान-मोठ्या पीची कटकट संपली. एखाद्या दिवशी वेगळं पोर्ट हवं असेल तर फाइलला हात लावू नका, कमांडमध्येच द्या. कमांड लाइनचं आधी ऐकलं जातं.

एक सांभाळा: एखाद्या सेटिंगची फाइलीत जी किंमत आधी सापडते तीच धरली जाते. त्यामुळे सगळ्यांना लागू होणारा 'होस्ट' आणि तारा-चिन्हाचा भाग तळाशीच ठेवा. मी तो वर ठेवला होता, आणि प्रत्येक सर्व्हरवर भलत्याच युजरच्या नावाने दार ठोठावत बसलो. शंका आली तर 'एसएसएच', डॅश मोठा जी आणि 'दुकान' असं टाइप करा. सर्व्हरला न जोडता शेवटी ठरलेल्या सेटिंग्ज समोर येतात.