इंग्रजी नामाचे वचन ठरवताना

इंग्रजीत अनेकवचन करण्यासाठी नामाला 'एस' जोडावा, एवढा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरीही वचनाच्या चुका होतच राहतात. त्यांचे मुख्य कारण असे की, एखादी गोष्ट एक की अनेक हे आपण मराठीत आधीच ठरवून टाकलेले असते आणि इंग्रजीचा हिशेब काही ठिकाणी निराळा असतो. म्हणून नियमांची यादी पाठ करण्याऐवजी, दोन्ही भाषांचे हे हिशेब नेमके कुठे जुळत नाहीत ते हेरणे अधिक उपयोगाचे ठरते.

'माझे केस गळतात' या वाक्यात केस अनेकवचनी आहेत आणि ते आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की 'माय हेअर्स आर फॉलिंग' असे वाक्य सहज लिहिले जाते. इंग्रजी मात्र डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच वस्तू मानते, त्यामुळे 'माय हेअर इज फॉलिंग आउट' असे लिहावे लागते. सुटा केस मोजायचा असेल तेव्हा मात्र 'अ हेअर' आणि 'टू ग्रे हेअर्स' ही रूपे बिनचूक आहेत. उलट, कात्री, चष्मा आणि पँट या आपल्या दृष्टीने एकेक वस्तू असल्या तरी इंग्रजीत त्यांना दोन पाती, दोन काचा, दोन पाय असल्यामुळे 'सिझर्स', 'स्पेक्टकल्स' आणि 'ट्राउझर्स' हे शब्द अनेकवचनीच राहतात व क्रियापद 'आर' येते. एक कात्री सांगायची असेल तर 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हणावे. पण तसे म्हटले की 'पेअर' हा शब्द एकवचनी असल्यामुळे क्रियापद पुन्हा 'इज' होते.

सर्वाधिक चुका मोजता न येणाऱ्या नामांत होतात. मराठीत सल्ला आणि सल्ले, बातमी आणि बातम्या अशी जोडरूपे आहेत. इंग्रजीत 'ॲडव्हाइस'चे अनेकवचन होतच नाही आणि 'न्यूज' हा शब्द शेवटी 'एस' असूनही एकवचनी आहे, म्हणून 'द न्यूज इज गुड' असेच लिहावे. गंमत अशी की माहिती आणि सामान हे शब्द आपणही मोजत नाही, 'दोन माहित्या' असे कोणी म्हणत नाही, तरी इंग्रजी लिहिताना 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' कागदावर उतरतात. येथे मराठीचे बोट धरले असते तर चूक टळली असती. 'फर्निचर', 'इक्विपमेंट' आणि 'होमवर्क' यांनाही 'एस' लावू नये. संख्या सांगणे आवश्यकच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ फर्निचर' अशी रचना करावी.

काही नामे मात्र अर्थाप्रमाणे बाजू बदलतात. नोकरीच्या अर्जात 'टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स' असे लिहावे, कारण तेथे अनुभव म्हणजे साठलेली जाण आहे. प्रवासात आलेले वेगवेगळे प्रसंग सांगायचे असतील तर 'एक्स्पीरियन्सेस' योग्य ठरते. अशा शंकेच्या वेळी शब्दकोश उघडून नामापुढची खूण पाहावी. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या अनेक इंग्रजी कोशांत मोजता येणाऱ्या नामासाठी 'सी' आणि न मोजता येणाऱ्यासाठी 'यू' हे अक्षर दिलेले असते. अर्थ पाहून कोश मिटण्याची आपली सवय या बाबतीत नडते.

लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्या शब्दांचे अनेकवचन इतके प्रचलित झाले आहे की तेच एकवचन वाटू लागते. 'द मेन क्रायटेरिया इज' हे चूक आहे. निकष एकच असेल तर 'क्रायटेरियन' लिहावे. 'फिनॉमेनन' आणि 'फिनॉमेना', 'बॅक्टीरियम' आणि 'बॅक्टीरिया' या जोड्याही याच घडणीच्या आहेत. 'मी त्या कॉलेजचा अलम्नाय आहे' असे एकटा माणूस म्हणतो तेव्हा तो नकळत स्वतःला अनेक करून घेतो. त्याने 'अलम्नस' म्हणावे. 'क्रायसिस'चे अनेकवचन 'क्रायसीझ' होते आणि लिहिताना फरक फक्त एका अक्षराचा, 'आय'च्या जागी 'ई' येण्याचा असतो. तरीही मूळ भाषेचा नियम सरसकट लावता येत नाही. 'अजेंडा' हे लॅटिनमधले अनेकवचन असले तरी इंग्रजीत ते आता एकवचन आहे आणि त्याचे 'अजेंडाज' होते. 'डेटा'च्या बाबतीत दोन्ही प्रघात आहेत: शास्त्रीय लेखनात 'डेटा आर' आढळते, तर संगणकाच्या आणि रोजच्या व्यवहारात 'डेटा इज' रुळले आहे. एका लेखात एकच प्रघात पाळावा, म्हणजे झाले.

बोलण्यातून शिरलेल्या रूपांकडेही लक्ष ठेवावे. आपण मराठीत 'एक लेडीज आली होती' असे सर्रास म्हणतो आणि तेच इंग्रजीत नेले की 'अ लेडीज' होते. 'वुमन' आणि 'विमेन' यांत लेखनातला बदल दुसऱ्या भागात असला तरी उच्चार पहिल्या भागातही बदलतो; 'विमेन' हेच अनेकवचन असल्यामुळे 'मेनी विमेन्स' असे लिहू नये. 'पोलीस' हा शब्द मराठीत एकालाही चालतो आणि अनेकांनाही, पण इंग्रजीत तो नेहमी अनेकवचनी असून एकासाठी 'पोलीस ऑफिसर' म्हणावे लागते.

'शीप', 'एअरक्राफ्ट', 'सीरीज' आणि 'स्पीशीज' यांचे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते, त्यामुळे वचन क्रियापदावरून किंवा आधीच्या शब्दावरून कळते. मुख्य नाम आधी असलेल्या जोडशब्दांत 'एस' त्या नामाला लागतो, शेवटाला नाही. म्हणून 'ब्रदर्स इन लॉ' आणि 'पासर्स बाय'.

राहिली 'वन ऑफ' ही रचना, जिथे 'वन ऑफ माय फ्रेंड' असे लिहिण्याची चूक फार आढळते. येथे सरळ मराठीत विचार करावा: 'माझ्या मित्रांपैकी एक येणार आहे.' मित्र अनेक, येणारा एक. म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज कमिंग'.