जपानी युद्धविमानांचे तुकडे रंगावरून ओळखताय? या चुका टाळा

पर्ल हार्बरवर आलेली झिरो (जपानी नौदलाची लढाऊ) विमानं पांढरट होती, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ७ डिसेंबर १९४१ ला तिथे पडलेल्या झिरोंचे पत्रे नीट पाहिले, तर मूळ रंग राखाडी, पण हिरवट-खाकी झाक असलेला दिसतो. उन्हाने वरचा थर खडूसारखा भुकटतो आणि आपण त्या भुकटीलाच रंग समजतो. म्हणून उघड्या बाजूवरून निकाल देऊ नका. दोन पत्रे एकमेकांवर चढलेले असतात तिथे, सांध्याच्या आत, ऊन न लागलेला रंग शोधा. पाण्याचा एक थेंब टेकवला की भुकटीखालची छटा क्षणभर वर येते. तारेचा ब्रश मात्र लांब ठेवा. पुरावा त्या भुकटीसकट निघून जातो.

आतून निळसर-हिरवं दिसलं की 'जपानी!' म्हणायची घाई नको. जपान्यांचा आओताके, म्हणजे शब्दशः हिरवा बांबू, हा गंजरोधक लेप पारदर्शक असतो, त्यातून खालचा धातू चमकतो. अमेरिकी विमानांतला झिंक क्रोमेटचा पिवळट-हिरवा थर एवढा पारदर्शक नसतो. आओताकेची छटा निळ्यापासून हिरव्यापर्यंत कुठेही असू शकते, त्यामुळे नुसत्या छटेवरून कारखाना ठरवू नका. झिरोचं डिझाइन मित्सुबिशीचं, पण निम्म्याहून जास्त विमानं नाकाजिमाने बांधली, हेही ध्यानात असू द्या.

तांबडं दिसलं की गंज? हे ऐकलं की मला हसू येतं. ड्युरालुमिन, म्हणजे विमानाच्या पत्र्याचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, त्यावर पांढरी भुकटी धरते. ते तांबडं बहुधा प्रायमर असतं, किंवा नशीब असेल तर हिनोमारूच्या, म्हणजे जपानी सूर्यचिन्हाच्या, लाल गोळ्याची कड.

नौदलाचं नसून जपानी भूदलाचं विमान असेल, तर बऱ्याचदा प्रायमरच नसतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. ब्रह्मदेश आणि इम्फाळवर लढलेल्या हायाबुसाचा (भूदलाच्या लढाऊ विमानाचा) तुकडा उघडा दिसला, तर 'याला रंगच नव्हता' असं लगेच म्हणू नका. रिव्हेटच्या कडेला भिंग लावून उरलेला रंग शोधा.

आणि पांढरा रंग, त्यावर हिरवा क्रॉस? तो शरणागतीचा. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानी शिष्टमंडळाला घेऊन ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर उतरलेली विमानं अशीच रंगवली होती. तो थर मूळ रंगाच्या वर चढवलेला असतो.

रंगाची जुळवणी मन्सेल तक्त्याशी (रंगछटांच्या प्रमाणित नमुन्यांशी), सावलीतल्या दिवसाच्या उजेडात करा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. ट्यूबलाइटखाली आओताके कुठल्याही रंगाचा दिसतो.