दीड टन की दोन? खान्देशात घराच्या गारव्याचा हिशेब करताना या चुका टाळा

मार्च लागला की मला जळगाव-भुसावळकडून फोन सुरू होतात. "भाऊ, बारा बाय बाराची खोली आहे, किती टनाचा एसी घेऊ?" मी विचारतो, खोलीच्या वर काय आहे? समोरचा म्हणतो, वर काय असणार, स्लॅब. आणि स्लॅबच्या वर? ऊन.

सगळ्यात महागाची चूक ही. दुकानात सव्वाशे चौरस फुटांपर्यंत एक टन, पावणेदोनशेपर्यंत दीड टन असं सांगतात. हा हिशेब फरशी मोजतो. उष्णता मात्र छतातून, पश्चिमेच्या भिंतीतून आणि काचेतून येते. तळमजल्यावरची आणि गच्चीखालची खोली एकाच मापाची असली, तरी मे महिन्यात ती दोन वेगळी गावं असतात.

गणित अवघड नाही. छताचं क्षेत्रफळ, त्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा (याला यू-व्हॅल्यू म्हणतात) आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक, या तिघांचा गुणाकार करायचा. बारा बाय बारा म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर. नुसत्या सिमेंटच्या स्लॅबचा यू ३ धरा. आता लोक बाहेरचं तापमान ४३ घेतात आणि तिथेच फसतात, कारण स्लॅब हवेने कमी आणि उन्हाने जास्त तापतो. उन्हाचा मारा जमेस धरून हिशेबाला ६५ घ्यायचे. आत २६ हवे असतील तर फरक ३९ अंशांचा. गुणाकार येतो साधारण १५७० वॅट. एक टन म्हणजे ३५१७ वॅट, म्हणजे एक टनाच्या एसीची जवळजवळ अर्धी ताकद नुसत्या छताशी झुंजण्यात गेली. माणसं, फ्रिज, खिडक्या यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छताचा यू १.२ पेक्षा जास्त नसावा असं आहे. तेवढा आणला तर हेच १५७० वॅट ६३० च्या घरात येतात. गच्चीला चुना फासला तर यू बदलत नाही, पण ६५ चे ५० होऊ शकतात, आणि तेही थोडकं नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना हा हिशेब कुणी शिकवला नव्हता, तरी माळवदावर मातीचा जाड थर असायचाच.

दुसरी चूक वेळेची, आणि ती माझ्या हातूनच झाली आहे. पुण्याहून शिकून आलो आणि धुळ्याच्या मामांच्या वरच्या बेडरूमचा हिशेब दुपारी दोनचा धरून केला. आकडे वहीत नीट बसले. मे महिन्यात रात्री अकराला मामांचा फोन आला, "आठे तं भट्टी शे रे!" झालं असं, की स्लॅब दुपारी खाल्लेलं ऊन लगेच आत सोडत नाही. जाडीमुळे दुपारचा कडाका जरा दबतो, पण तीच उष्णता चार-पाच तासांनी झिरपत खाली उतरते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. झोपायच्या खोलीचा हिशेब झोपायच्या वेळेचा करावा. पश्चिमेची नऊ इंची भिंत तर याहूनही उशिरा बोलते.

एसीच्या खोक्यावरचा दीड टनही नीट वाचा. तो बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आपल्याकडे ४५ ला ताकद घटते आणि वीज जास्त लागते. त्यात बाहेरचं युनिट तापलेल्या गच्चीवर भिंतीला चिकटवून बसवलं, तर ते स्वतःचाच गरम श्वास परत घेतं. स्टारच्या लेबलवरची वार्षिक युनिटंही १६०० तास धरून काढलेली असतात. तुम्ही रोज आठ तास, चार महिने चालवलात तर तास साडेनऊशेच्या आसपास होतात. बिलाचा अंदाज काढताना मागचं बिल युनिटांनी भागून सरासरी दर लावू नका. एसीची युनिटं आधीच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना १०० नंतरचा किंवा ३०० नंतरचा चढा दर लागतो.

एसी हवाच का, हेही आधी पाहावं. एप्रिल-मे महिन्यात आपली हवा कोरडी असते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला चांगल्या जाळ्यांचा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, एसीच्या जेमतेम आठव्या हिश्शाच्या विजेत. पण खिडकी बंद करून कूलर लावणारे महाभाग मी दरवर्षी पाहतो. ओली हवा बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही, मग कूलरला शिव्या. जुलैत मात्र कूलरकडून आशा ठेवू नये.

हिवाळ्याचं थोडक्यात. दिवसाच्या सरासरी तापमानावरून घर गरम ठेवायची गरज काढली तर उत्तर शून्याजवळ येतं, कारण कमाल २८ आणि किमान १० ची सरासरी १९ होते, आणि तेवढ्यावर घर तापवायची गरज धरत नाहीत. पण धुळ्यात पारा सहा-सात अंशांवर उतरतो त्या पहाटे म्हाताऱ्या माणसाला सरासरी सांगून भागत नाही. सरासरी सोडा आणि पहाटेचे तेवढे तास वेगळे मोजा. खर्चाचा मोठा भाग तरीही गीझरचा निघेल.

एसी आधीच बसवलाय आणि खोली गार होत नाही? गॅस भरायला माणूस बोलावण्याआधी रात्री दहाला मीटर वाचा, सकाळी सहाला पुन्हा वाचा. असं तीन रात्री करा. मग गच्ची झाडून चुन्याचे दोन हात द्या आणि पुढच्या तीन रात्री तेच आकडे लिहा. बाहेरचा पारा साधारण तेवढाच असेल आणि युनिटं उतरली, तर दोष एसीत नव्हता. नाही उतरली, तर त्या माणसाला खुशाल बोलवा.