'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे : या चुका टाळा

पाण्याच्या फिल्टरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर एकदा माझ्याकडे तपासायला आलं होतं. दुसऱ्याच ओळीत वाक्य होतं : 'वापरण्यापूर्वी नळ दोन मिनिटे धावू द्या.' मूळ इंग्रजीत 'रन द टॅप' होतं. भाषांतर करणारी व्यक्ती काही कच्ची नव्हती, बाकीचं पत्रक अगदी नीट उतरलं होतं. पण 'रन' दिसला की आपल्याला आधी धावणारा माणूस दिसतो, आणि मग नळालाही पाय फुटतात. मी तिथे 'नळ दोन मिनिटे सोडून ठेवा' असं केलं.

या शब्दाचा पसारा मोठा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्या एका क्रियापदात नऊ महिने गेले आणि अर्थ निघाले ६४५. ते पाठ करायला कुणी सांगत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मा गुंता सुटतो : या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपात धावणं आणि वाहणं असे दोन्ही अर्थ होते. त्याचाच जर्मन भाऊबंद 'रिनन' आजही वाहण्या-पाझरण्यासाठीच वापरतात. म्हणून इंग्रजीत नाक 'रन' होतं, नळ होतो, धुताना कपड्याचा रंग होतो. मराठीत नाक वाहतं, नळ सोडतात आणि रंग जातो. एका शब्दासाठी आपल्याकडे तीन, आणि ते ठरतात कर्त्यावरून.

चालणं आणि 'रन'

इंग्रजीत जे धावतं ते मराठीत बहुतेक वेळा चालतं. इंजिन चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, संस्था चालवतात. त्यामुळे 'शी रन्स अ स्कूल'चं 'ती शाळा चालवते' हे सहज जमतं. घोळ होतो तो उलट जाताना. 'माझा फोन चालत नाहीये' हे वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि तोंडातून 'माय फोन इज नॉट रनिंग' बाहेर पडतं. इथे 'वर्किंग' हवं. पेन, चावी, बटण, रिमोट यांचंही तसंच.

फरक फ्रिजवरून पटकन कळतो. 'द फ्रिज इज रनिंग' म्हणजे आत्ता तो सुरू आहे, कान दिला तर घरघर ऐकू येते. 'द फ्रिज वर्क्स' म्हणजे तो बिघडलेला नाही, मग भले प्लग काढून कोपऱ्यात उभा असो. सॉफ्टवेअरला मात्र 'रन' चालतो : 'धिस अ‍ॅप डझन्ट रन ऑन माय फोन' हे बिनचूक आहे. राहता राहिलं आपलं लाडकं 'चालेल'. त्याला 'इट विल रन' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, पण 'इट विल गो' म्हणणारे भेटलेत. 'दॅट्स फाइन' किंवा 'दॅट विल डू' म्हणावं आणि मोकळं व्हावं.

'बसेस रन एव्हरी टेन मिनिट्स' याचं भाषांतर 'दर दहा मिनिटांनी बस असते' असं करावं. बातम्यांमधल्या बस धावतात, पण थांब्यावर उभा असलेला माणूस 'बस आहे का?' असंच विचारतो.

शेपटीतली विंचवाची नांगी

सगळ्यांत जास्त फजिती 'रन'नंतर येणाऱ्या छोट्या शब्दाने होते. माझीच सांगतो. बैठकीआधी एका वरिष्ठ बाईंना मला म्हणायचं होतं की मुद्द्यांवरून एकदा भरभर नजर टाकू : 'लेट मी रन ओव्हर द पॉइंट्स विथ यू.' घाईत मधले शब्द गळाले आणि मी म्हणालो, 'लेट मी रन ओव्हर यू.' म्हणजे 'तुम्हाला गाडीखाली घेऊ द्या.' त्या हसल्या, म्हणून निभावलं. याच 'रन ओव्हर'चा तिसरा अर्थही आहे : 'द मीटिंग रॅन ओव्हर' म्हणजे बैठक लांबली. तिथे कुणी चिरडलं जात नाही, कंटाळून मेलं तर गोष्ट वेगळी.

'रन आउट'मध्ये कर्ता कोण ते पाहायचं. 'द इंक हॅज रन आउट' म्हणजे शाई संपली. 'वी हॅव रन आउट ऑफ इंक' म्हणजे आपल्याकडची शाई संपली. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' हवाच. तो गाळून 'वी रॅन आउट' म्हटलं तर काय संपलं ते कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण बाहेर पळालो असंही वाटू शकतं. क्रिकेटमधलं धावचीत होणं तिसरंच, आणि 'ही रॅन आउट ऑन हर' म्हणजे तो तिला वाऱ्यावर सोडून गेला.

'रन इंटू समवन' म्हणजे अचानक भेट होणं. मालिकांच्या उपशीर्षकांत हमखास 'ती जुन्या मित्राला धडकली' असं वाचायला मिळतं. अर्थात गाडी झाडावर आदळली तरी इंग्रजीत 'रॅन इंटू अ ट्री'च म्हणतात, म्हणून पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय हात घालू नये. 'रन डाउन'चंही तसंच : बॅटरी उतरते, इमारत मोडकळीला येते, माणूस थकून जातो, आणि कुणाला 'रन डाउन' केलं तर त्याला नावं ठेवलेली असतात किंवा गाडीने उडवलेलं असतं.

धावपळ नसलेले 'रन'

'आय अ‍ॅम रनिंग लेट' हे वाहतूक कोंडीत गाडीत बसूनही म्हणता येतं. मला उशीर होतोय, एवढाच त्याचा अर्थ. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे सलग तीन दिवस. इथे 'रनिंग' शेवटी येतो. तो पुढे आणून 'रनिंग थ्री डेज' केलं की वाक्य बिघडतं. 'शी इज रनिंग अ टेम्परेचर' म्हणजे तिला ताप आहे. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच आहे. 'रन ऑन द बँक' म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची झुंबड, जशी ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात लागली होती.

निवडणुकीची गंमत वेगळी. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. दोन्हींचं मराठी एकच : निवडणुकीला उभा राहिला, निवडणूक लढवली. 'अध्यक्षपदासाठी धावत आहे' हे अधूनमधून छापून येतं, आणि प्रत्येक वेळी मला टोपी सांभाळत पळणारा पुढारी दिसतो.

वाक्य अडलं तर

शब्दकोशातल्या पहिल्या अर्थावर थांबू नका. आधी कर्ता पाहा, मग 'रन'नंतरचा छोटा शब्द पाहा, आणि नोंदीच्या शेवटी दिलेल्या वाक्प्रचारांत ती जोडी शोधा. 'द लीज रन्स टिल मार्च' घ्या. कर्ता भाडेकरार, पुढे 'टिल'. करार धावत नाही, वाहतही नाही. मराठीत आपण 'करार मार्चपर्यंत आहे' म्हणतो. इथे 'रन'ला स्वतंत्र शब्द लागलाच नाही, 'आहे'वर काम भागलं. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' यात रस्ता नदीच्या कडेने जातो.

रूपांचं थोडक्यात : रन, रॅन, रन. 'हॅव' किंवा 'हॅड'नंतर पुन्हा 'रन' येतो, म्हणून 'आय हॅव रॅन' चूक. 'रनिंग' लिहिताना 'एन' दोनदा.

आणि 'द' जपून वापरा. 'ही हॅज फिफ्टी रन्स' म्हटलं तर त्याच्या पन्नास धावा झाल्यात. 'ही हॅज द रन्स' म्हटलं तर त्याला जुलाब लागलेत.